परदेशातली एमबीबीएस आणि भारतातली नोंदणी : कोणता कागद कधी, कोणत्या क्रमाने

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्यांचे सगळे लक्ष एफएमजीईवर, म्हणजे भारतात नोंदणीसाठी त्यांना द्याव्या लागणाऱ्या चाळणी परीक्षेवर असते. परीक्षा अवघड आहेच, पण ती वर्षातून दोनदा होते, प्रयत्नांना मर्यादा नाही आणि नापास झाल्यास पुढच्या सत्रात पुन्हा बसता येते. विद्यापीठ सोडताना न घेतलेल्या पत्राचे तसे नसते. परीक्षा पास होऊनही केवळ एका कागदासाठी महिनोन्‌महिने थांबलेले अनेक जण आहेत, आणि तो कागद आणायला पुन्हा विमानाचे तिकीट काढावे लागते. म्हणून इथे अभ्यासापेक्षा फाइलवर जास्त भर आहे. फाइल उघडणाऱ्या माणसाला त्यातून एकच व्यक्ती, एकच विद्यापीठ आणि तारखांची सलग साखळी दिसली पाहिजे.

## टप्पा १ : आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते ठरवा

सगळ्यात आधी एक तारीख बघा : १८ नोव्हेंबर २०२१. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, म्हणजे एनएमसीचे, परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे परवाना नियम या दिवशी अमलात आले. त्यापूर्वी परदेशात प्रवेश घेतलेल्यांना जुन्या अटी लागू होतात, त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना नव्या. वर्गमित्राचे काम कसे झाले यावरून आपले ठरवू नका. एकाच विद्यापीठात एक वर्ष पुढे-मागे असलेल्या दोघांचे नियम वेगळे असू शकतात.

नव्या नियमांतल्या अटी अशा :

- अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, आणि तो एकाच परदेशी संस्थेत पूर्ण झालेला हवा.
- त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी.
- शिकवण्याचे माध्यम इंग्रजी हवे.
- त्या देशाच्या नागरिकाला पदवीनंतर ज्या दर्जाचा परवाना मिळतो, त्याच दर्जाचा परवाना मिळण्यास तुम्ही पात्र असायला हवे.
- परतल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते.
- नियमांत ‘नेक्स्ट’ (नॅशनल एक्झिट टेस्ट) या परीक्षेचा उल्लेख आहे. ती प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत एफएमजीईच द्यावी लागते.

५४ महिने मोजताना फसगत होते. भाषेचे तयारीवर्ष आणि वैद्यकीय अभ्यासाआधीचा पायाभूत अभ्यासक्रम यात धरू नका. फिलिपाइन्समधला बीएस अभ्यासक्रम हे याचे नेहमीचे उदाहरण : तो एमडीच्या (तिथली मूळ वैद्यकीय पदवी) आधीचा टप्पा आहे, एमडीचा भाग नाही. ‘सहा वर्षांचा कोर्स’ या जाहिरातीतल्या शब्दांवर जाऊ नका. प्रवेशपत्रावरची तारीख आणि शेवटच्या विद्यापीठ परीक्षेची तारीख घेऊन कागदावर महिने मोजा.

‘एकाच संस्थेत’ ही अटही शब्दशः घ्यायची. मधेच विद्यापीठ बदलणे किंवा शेवटचे वर्ष ‘क्लिनिकल रोटेशन’ म्हणून भारतातल्या एखाद्या रुग्णालयात करणे या अटीत बसत नाही. युद्धामुळे अडकलेल्या युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना सप्टेंबर २०२२ मध्ये ‘अकॅडमिक मोबिलिटी’ची, म्हणजे उरलेला अभ्यास दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात करण्याची, जी सवलत मिळाली, तिथेही पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच असावी लागते. त्या अपवादाकडे बोट दाखवून इतर देशांतून आलेल्यांचे काम होत नाही.

तपासणी : एका पानावर चार तारखा लिहा : प्रवेश, शेवटची परीक्षा, परदेशी इंटर्नशिपची सुरुवात आणि तिचा शेवट. प्रत्येकीसमोर तिचा पुरावा कोणत्या कागदात आहे ते लिहा. एकीसमोर जरी जागा रिकामी राहिली, तरी पुढचा टप्पा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

## टप्पा २ : विद्यापीठ सोडण्यापूर्वी घ्यायचे कागद

पदवीदान झाले की सगळ्यांना घरी यायची घाई होते. पण तिथे प्रत्यक्ष असताना दोन आठवड्यांत होणारे काम भारतातून ईमेलवर करायचे तर सहा-सहा महिने जातात. डीन बदलतो, कार्यालयातली माणसे बदलतात, आणि प्रवेशाच्या वेळी गोड बोलणारा एजंट आता फोन उचलत नाही. तेव्हा परतीचे तिकीट काढण्यापूर्वी पुढचे कागद हातात घ्या :

१. मूळ पदवी प्रमाणपत्र. एफएमजीईच्या भाषेत हीच पीएमक्यू, म्हणजे प्राथमिक वैद्यकीय पात्रता.

२. पूर्ण ट्रान्सक्रिप्ट : प्रत्येक वर्षाचे विषय, तास आणि गुण. केवळ अंतिम श्रेणी छापलेला कागद पुरत नाही.

३. अभ्यासक्रमाच्या कालावधीचे पत्र. त्यात रुजू झाल्याची आणि अभ्यासक्रम संपल्याची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी पूर्ण हवी. नुसते ‘२०१८ ते २०२४’ असे लिहिले असेल तर पत्र परत द्या आणि तारखा घालून घ्या.

४. माध्यम इंग्रजी असल्याचे पत्र.

५. इंटर्नशिपचे प्रमाणपत्र, विभागवार. कोणत्या विभागात किती आठवडे, कोणत्या रुग्णालयात, आणि ते रुग्णालय विद्यापीठाशी कसे जोडलेले आहे हेही त्यात यावे.

६. परवान्याच्या पात्रतेचे पत्र. ही पदवी घेतलेली व्यक्ती त्या देशात वैद्यकीय व्यवसायासाठी नोंदणी मिळवण्यास पात्र आहे, असे सांगणारे हे पत्र त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाचे किंवा वैद्यकीय परिषदेचे असावे. विद्यापीठाने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेले पत्र जवळ असू द्या, पण फक्त त्यावर विसंबून राहू नका.

सहाव्या कागदाबद्दल थोडे अधिक. काही देशांत पदवीनंतर वेगळी परवाना परीक्षा किंवा रेसिडेन्सी केल्याशिवाय कोणालाच, अगदी स्थानिकालाही, परवाना मिळत नाही. तसे असेल तर पत्रात तेच स्पष्ट लिहून घ्या : स्थानिकासाठी कोणती अट आहे आणि परदेशी पदवीधरासाठीही तीच आहे का. नियमातला कळीचा शब्द ‘समान’ हा आहे. ‘नोंदणीस पात्र’ असे मोघम लिहिलेल्या पत्रातून तो प्रश्न सुटत नाही.

ज्यांचा काही अभ्यास ऑनलाइन झाला, त्यांनी आणखी एक कागद घ्यायचा : राहिलेले प्रत्यक्ष वर्ग आणि क्लिनिकल प्रशिक्षण नंतर केव्हा, कुठे आणि किती आठवडे भरून काढले, याचे तारखांसकट प्रमाणपत्र. तारखा नसलेले सरसकट ‘भरपाई केली’ छापाचे पत्र संशय वाढवते.

सावध : पासपोर्टवरचे ये-जा शिक्के हा तुमचा सगळ्यात कठोर साक्षीदार आहे. विद्यापीठ म्हणते विद्यार्थी वॉर्डात होता, आणि शिक्का म्हणतो तो त्या महिन्यात भारतात होता, असे झाले तर विश्वास शिक्क्यावरच ठेवला जातो. प्रवेशापासून पदवीपर्यंतच्या सगळ्या ये-जा तारखांचा तक्ता स्वतः करा आणि प्रत्येक प्रमाणपत्रातल्या तारखा त्याच्याशी ताडून बघा. पासपोर्ट मधे नूतनीकृत झाला असेल तर जुने पुस्तक जपून ठेवा. अर्धे शिक्के त्यातच असतात.

## टप्पा ३ : नाव जुळवा

फाइली अडकण्याचे सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात मोठे कारण नाव आहे. महाराष्ट्राच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीची दोन नावे एकत्र. परदेशी विद्यापीठ पासपोर्टवरून नाव घेते आणि आपल्या पद्धतीने मांडते. रशियन बोलणाऱ्या देशांत वडिलांच्या नावाला स्वतंत्र जागा असते, त्यामुळे ते कुठे कुठे दोनदा येते किंवा साफ गळते.

लिपीचा घोळ तर वेगळाच. नाव आधी रशियन लिपीत जाते आणि भाषांतरात पुन्हा इंग्रजीत येते. रशियनमध्ये ‘ह’ हा उच्चार नाही, म्हणून महेशचा मखेश होतो. इंग्रजी स्पेलिंगमधला डब्ल्यू परत येताना व्ही होतो, आणि ज्ञानेश्वरचे काय होते ते ज्ञानेश्वरांनीच बघावे. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत आधीच द्या आणि इंग्रजी भाषांतरात नाव अक्षरशः पासपोर्टप्रमाणे लिहायला सांगा. भाषांतर नोटरीकडे जाण्यापूर्वी स्वतः वाचा. नोटरीचा शिक्का बसल्यावर दुरुस्ती म्हणजे सगळे पहिल्यापासून.

जुळवणी या क्रमाने करा :

१. दहावीचे प्रमाणपत्र हा पाया धरा. जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग त्यावरून तपासा.

२. पासपोर्ट त्याच्याशी जुळत नसेल तर पदवी छापली जाण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करा.

३. पदवीवर चूक असेल तर विद्यापीठाकडून नवी प्रत घ्या. तेवढ्याने भागत नसेल तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे विद्यापीठाचे सहीशिक्क्याचे पत्र घ्या. भारतात स्टँपपेपरवर केलेले प्रतिज्ञापत्र सोबत जोडायला ठीक आहे, पण परदेशी पदवीवरची चूक त्याने दुरुस्त होत नाही.

४. लग्नानंतर नाव बदलले असेल तर घाई करू नका. पदवी, पात्रता प्रमाणपत्र, एफएमजीई आणि कायम नोंदणी एकाच नावाने पूर्ण करा, मग राजपत्राच्या आधारे नोंदवहीत बदल करा. अर्ध्या वाटेत नाव बदलणे म्हणजे प्रत्येक खिडकीवर तेच स्पष्टीकरण पुन्हा देणे.

## टप्पा ४ : अपोस्टील की दूतावासाचे साक्षांकन

पदवीवर एकतर त्या देशाचे अपोस्टील हवे, किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचे साक्षांकन. अपोस्टील हे एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्यासाठीच्या हेग करारातल्या देशांसाठी असते. रशिया आणि कझाकस्तान त्यात आहेत, नेपाळ नाही. पण देश करारात आहे एवढे पाहून थांबू नका. एखाद्या सदस्य देशाने दुसऱ्याच्या प्रवेशावर हरकत घेतलेली असली तर त्या दोघांमध्ये करार लागू होत नाही. भारत आणि तो देश यांच्यात तो लागू आहे का, हे तिथल्या भारतीय दूतावासाकडून लेखी विचारून घ्या.

अपोस्टील म्हणजे काय याबद्दलही गैरसमज आहे. कागदावरची सही आणि शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे, एवढेच ते सांगते. आतला मजकूर खरा की खोटा यावर ते काही म्हणत नाही. त्यामुळे अपोस्टील असलेल्या पदवीचीही मेडिकल कौन्सिल विद्यापीठाकडे स्वतंत्र पडताळणी करते, आणि तो काळ तुमच्या नियोजनात धरावाच लागतो.

क्रम असा ठेवा : मूळ पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट तयार, त्यांवर अपोस्टील, मग अपोस्टीलसकट सगळ्याचे इंग्रजी भाषांतर, मग भाषांतराचे नोटरीकरण. भाषांतर आधी केले तर अपोस्टीलचा मजकूर परक्या भाषेतच राहतो. आणि अपोस्टील मूळ पदवीवर आहे की नोटरी केलेल्या छायाप्रतीवर, हे नीट पाहा. रशियात या दोन्हींची कार्यालयेही वेगळी आहेत. स्वस्त आणि झटपट म्हणून एजंट बहुतेकदा छायाप्रतीवर करून आणतो. तुम्हाला मूळ पदवीवर हवे.

तपासणी : ट्रान्सक्रिप्टलाही अपोस्टील झाले का? घाईत फक्त पदवीचे करून परतणारे बरेच असतात.

## टप्पा ५ : पात्रता प्रमाणपत्र

एनएमसीचे पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘ईसी’ म्हणतात ते. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात लागणारे गुण (खुल्या वर्गासाठी ५० टक्के, आरक्षित वर्गासाठी ४० टक्के), नीट-यूजी पात्रता आणि परदेशी प्रवेशाची कागदपत्रे यांवरून ते मिळते. नीटचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षे चालतो. प्रवेशाची तारीख त्या मुदतीत बसते का ते बघा.

नीटच्या अटीमुळे ईसीची गरजच संपली असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात एफएमजीईच्या अर्जाला ते लागते, आणि ईसीसाठीचे ऑनलाइन पोर्टल एनएमसी ठरावीक काळापुरते उघडते. पहिली खिडकी उघडली की अर्ज करा. एफएमजीईची नोंदणी सुरू झाल्यावर ईसीच्या मागे लागलेल्यांचे सत्र हातचे जाते.

आरक्षणाची सवलत घेणाऱ्यांनी जातीचे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात काढावे. राज्यातली व्हीजे-एनटी ही वर्गवारी केंद्रात त्या नावाने नसते. तुमची जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते पाहून त्याप्रमाणे नॉन-क्रिमिलेअरसह प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र जोडून ४० टक्क्यांची सवलत मागितली की अर्जात त्रुटी निघते.

## टप्पा ६ : एफएमजीईचा अर्ज

परीक्षा घेते एनबीईएमएस (वैद्यकीय शास्त्रांसाठीचे राष्ट्रीय परीक्षा मंडळ), साधारणपणे जून आणि डिसेंबरच्या सत्रात. प्रत्येक सत्राचे माहितीपत्रक वेगळे असते. ते पूर्ण वाचा, विशेषतः पदवी कोणत्या तारखेपर्यंत मिळालेली असावी ही ओळ. निकाल त्या तारखेनंतर लागला असेल तर त्या सत्राचा नाद सोडा.

अर्जासोबत पदवी, अपोस्टील किंवा साक्षांकन, ईसी, पासपोर्ट आणि परवाना-पात्रतेचा पुरावा अपलोड करावा लागतो. स्कॅन रंगीत करा. अपोस्टील पदवीच्या मागच्या बाजूला असते किंवा वेगळ्या पानावर शिवलेले असते, म्हणून दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची बाजू विसरणे ही दर सत्राची चूक आहे.

त्रुटी असेल तर एनबीईएमएस कळवते आणि सुधारायला मुदत देते. तो ईमेल स्पॅममध्ये जातो, किंवा अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या पत्त्यावर जातो. ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचेच द्या, आणि अर्ज केल्यावर लॉगिन करून दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा.

## टप्पा ७ : परीक्षा

एकूण ३०० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी १५० चे दोन भाग, प्रत्येक भागाला १५० मिनिटे. पास व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

अभ्यासाचे नियोजन विषयांच्या वाटणीवरून करा. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन प्रत्येकी १७, विकृतीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र प्रत्येकी १३, न्यायवैद्यक १० : असे पहिले १०० गुण. उरलेल्या २०० पैकी मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, सामुदायिक वैद्यक ३०, बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचारोग, रेडिओथेरपी, भूल, अस्थिरोग आणि रेडिओलॉजी यांचे प्रत्येकी पाच.

यात सामुदायिक वैद्यकाचे ३० गुण परदेशात शिकलेल्यांच्या हातून सगळ्यात जास्त निसटतात. कारण सरळ आहे : तिथे शिकवलेले सार्वजनिक आरोग्य त्या देशाचे असते. इथे भारताचे लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम, आशा आणि उपकेंद्रापासून वर जाणारी आरोग्य यंत्रणा विचारली जाते. न्यायवैद्यकातही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. निष्काळजीपणाने मृत्यूचे जुने कलम ३०४-अ आता कलम १०६ झाले. गर्भपात कायद्याची २४ आठवड्यांची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीतली आहे. जुन्या नोट्सवर अभ्यास करणारे इथे हमखास गुण घालवतात. मेडिसिनमध्येही सर्पदंश, ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधा आणि काला आजार यांचे रुग्ण तिकडे क्वचितच पाहिलेले असतात.

सरावाच्या चाचण्यांत १५० गाठले म्हणून समाधान मानू नका. १८० च्या खाली असाल तर घड्याळ लावून, म्हणजे १५० मिनिटांत १५० प्रश्न, आणखी सराव हवा. वाचलेले आठवत नाही म्हणून नापास होणाऱ्यांइतकेच, शेवटचे वीस प्रश्न न वाचता खुणा करणारे नापास होतात.

## टप्पा ८ : पास प्रमाणपत्र

निकाल लागला म्हणजे प्रमाणपत्र आले असे नाही. एनबीईएमएस ते ओळख पटवून, प्रत्यक्ष हजेरीत देते. चेहरा आणि बोटांचे ठसे परीक्षेच्या दिवशीच्या नोंदींशी जुळवले जातात आणि मूळ कागद तपासले जातात. अपोस्टील असलेली मूळ पदवी, ईसी, पासपोर्ट, दहावीचे प्रमाणपत्र आणि परीक्षेचे प्रवेशपत्र सोबत न्या. लॅमिनेट केलेले कागद कुठेही नेऊ नका, आणि आतापर्यंत लॅमिनेट केले नसतील तर करूच नका. शिक्का उठावदार आहे का हे बोटाने तपासता आले पाहिजे.

## टप्पा ९ : राज्य परिषदेकडे तात्पुरती नोंदणी

इंटर्नशिप जिथे करायची त्याच राज्याच्या परिषदेकडे अर्ज करा. महाराष्ट्रासाठी ती मुंबईची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ‘त्या राज्यात लवकर होते’ असे ऐकून दुसरीकडे नोंदणी करणाऱ्यांना नंतर ना-हरकत पत्र घेऊन परत यावे लागते, आणि वाचवलेला वेळ दुपटीने जातो.

पडताळणी पूर्वीपेक्षा कडक झाली आहे, आणि त्यामागे कारण आहे. एफएमजीई पास न होताच ७३ परदेशी पदवीधरांची निरनिराळ्या राज्य परिषदांत नोंदणी झाल्याच्या प्रकरणी सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये गुन्हा दाखल केला, आणि त्यात १४ राज्य परिषदांची नावे आली. तेव्हापासून खिडकीमागचा कारकून प्रत्येक शिक्का उलटसुलट करून पाहतो, त्याला दोष देता येत नाही.

फाइल लावताना कागद कालक्रमाने ठेवा : दहावी, बारावी, नीट, ईसी, प्रवेशपत्र, पासपोर्टची सगळी पाने (कोरीही) आणि शिक्क्यांचा तक्ता, ट्रान्सक्रिप्ट, पदवी, परदेशी इंटर्नशिप, परवाना-पात्रता पत्र, एफएमजीई प्रमाणपत्र. वर एक पानाची अनुक्रमणिका. विद्यापीठाकडून पडताळणीचे उत्तर यायला उशीर लागतो, म्हणून अर्ज करण्याआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला कळवून ठेवा की भारतातून चौकशी येईल आणि उत्तर त्यांच्या अधिकृत ईमेलवरूनच जायला हवे. कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवरून आलेले उत्तर धरले जात नाही.

सावध : एफएमजीई पास झाल्यापासून नोंदणी मिळेपर्यंतच्या काळात खासगी नर्सिंग होममध्ये ‘आरएमओ’ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून रात्रपाळी करणे सर्रास चालते. तो गुन्हा आहे. एनएमसी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तात्पुरती नोंदणीही फक्त नेमून दिलेल्या इंटर्नशिपपुरतीच असते. तिच्या आधारे बाहेर रुग्ण तपासता येत नाहीत.

## टप्पा १० : भारतातली इंटर्नशिप

जागा राज्य परिषदेच्या प्रक्रियेतून मिळते. ओळखीच्या रुग्णालयात परस्पर रुजू झाल्यास ते महिने मोजले जात नाहीत. परदेशी पदवीधरांसाठी महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या अतिरिक्त ७.५ टक्के अशी मर्यादा ४ मार्च २०२२ च्या एनएमसी परिपत्रकात घातलेली आहे, त्यामुळे प्रतीक्षा होऊ शकते. त्याच परिपत्रकात दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत : महाविद्यालयाने इंटर्नशिपसाठी शुल्क घ्यायचे नाही, आणि स्टायपेंड भारतीय पदवीधरांइतकाच द्यायचा. पैसे मागितले तर मागणी लेखी द्या म्हणावे.

इंटर्नशिपचा पहिला दिवस तात्पुरत्या नोंदणीनंतरचाच असायला हवा. एका दिवसाने जरी आधीची तारीख प्रमाणपत्रावर पडली तरी शेवटी फाइल परत येते. कालावधी १२ महिने, त्यात सामुदायिक वैद्यकाचे १२ आठवडे. लॉगबुकवर विभागप्रमुखाची सही पोस्टिंग संपते त्याच दिवशी घ्या. वर्षाच्या शेवटी बारा विभागांच्या सह्या गोळा करायला निघालात तर निम्मे प्रमुख बदलून गेलेले असतात. रजेचे दिवस मर्यादेबाहेर गेले की तेवढे दिवस इंटर्नशिप लांबते.

नीट-पीजी द्यायची असेल तर तिच्या माहितीपत्रकातली इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख आधी बघा आणि तिथून बारा महिने मागे मोजा. रुजू व्हायला तीन आठवडे उशीर झाल्याने एक अख्खे वर्ष गेले, असे होते.

## टप्पा ११ : कायम नोंदणी

इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, लॉगबुक, तात्पुरत्या नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र आणि आधीची संपूर्ण फाइल घेऊन त्याच परिषदेकडे अर्ज करा. नाव, वडिलांचे नाव, विद्यापीठाचे नाव आणि पदवीचे वर्ष छापील प्रमाणपत्र हातात पडताच तिथेच वाचा. विद्यापीठांची नावे बदलत असतात, म्हणून पदवीवर छापलेलेच नाव नोंदवहीत आले आहे का ते पाहा. हेच नाव पुढे पदव्युत्तर प्रवेशाला आणि परदेशी परीक्षांना विचारले जाते.

महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते, आणि त्यासाठी या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. पहिल्या कार्यशाळेपासून प्रमाणपत्रे त्याच फाइलमध्ये लावत जा.